पाठ झालं की मेंदू झोपतो का?

प्रश्न : मी ६१ वर्षांची. बँकेतून निवृत्त झाले, मिरजेला असते. मागच्या वर्षी गीतेच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं आणि पंधरावा अध्याय पाठ केला. सुरुवातीला एकेका श्लोकाला घाम फुटायचा. आता अध्याय सुरू केला की कधी संपला ते कळत नाही. तोंडाने श्लोक चालू आणि डोक्यात कुकरच्या शिट्ट्या नि वाण्याची यादी. मुलगा म्हणतो, "आई, ते आता ऑटोपायलटवर गेलं, मेंदूला त्याचा काही उपयोग नाही." त्याने मेंदूच्या व्यायामाचं एक अ‍ॅप फोनवर घालून दिलंय, वर्षाची वर्गणीही भरलीय. इकडे आमच्या ग्रुपवर एक चित्र फिरतंय : पठण करणाऱ्याचा मेंदू लाल-पिवळा उजळलेला आणि न करणाऱ्याचा निळा. मग माझा यातला कुठला? आणि एवढा सराव करूनही बारावा अध्याय पाठ व्हायला तितकाच वेळ का लागतोय? शिवाय मधलाच श्लोक विचारला की मला पहिल्यापासून म्हणत यावं लागतं, वर्गात लाज वाटते. पठण चालू ठेवू की अ‍ॅप धरू?
– एक वाचक, मिरज

ताई,

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. ग्रुपवरच्या चित्राला तेवढेही गुण देता येणार नाहीत, म्हणून आधी तेच निकालात काढू.

अशी रंगीत चित्रं बहुतेक वेळा एफएमआरआय नावाच्या तपासणीतून येतात. मेंदूचा एखादा भाग जास्त काम करू लागला की तिकडे प्राणवायूने भरलेलं रक्त जास्त जातं, आणि यंत्र तो फरक टिपतं. माणसाला दोन वेगवेगळी कामं देऊन मोजमाप घेतात, एकातून दुसरं वजा करतात, आणि फरक ठरावीक मर्यादेच्या वर गेला की संगणक तिथे रंग भरतो. कुठला रंग, हे संशोधक ठरवतो. निळा म्हणजे थंड आणि लाल म्हणजे तापलेला, असं काही नसतं. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण नुसते बसून असलो तरी शरीराच्या ऊर्जेतला साधारण २० टक्के वाटा तोच खातो. अवघड काम दिलं तर या खर्चात थोडीशीच भर पडते. विझलेला मेंदू जिवंत माणसात नसतोच. कशातून काय वजा केलंय हे खाली लिहिलेलं नसेल, तर ते चित्र पुढे पाठवू नका.

आता तुमच्या मेंदूकडे येऊ. सरावाने मेंदूतली हालचाल वाढते अशी आपली समजूत असते. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड हायर यांच्या गटाने ८ जणांना टेट्रिस खेळायला दिला. वरून पडणारे तुकडे जुळवत बसायचा तो खेळ. चार ते आठ आठवडे रोज सराव. सरावाआधी आणि सरावानंतर पेट स्कॅन करून मेंदू किती साखर जाळतो ते पाहिलं. खेळातली कामगिरी सात पटींहून जास्त सुधारली होती आणि मेंदूचा साखरेचा खर्च चक्क कमी झाला होता.

दोन वर्षांनी सेंट लुईसमध्ये मार्कस रायकल यांच्या गटाने शब्दांवर प्रयोग केला. पडद्यावर नाम दिसलं की त्याला साजेसं क्रियापद बोलायचं. पहिल्या फेरीत कपाळामागचा डावा भाग आणि त्याच्या आतल्या बाजूचा, लक्ष सांभाळणारा भाग जोरात कामाला लागले. तीच यादी पंधरा मिनिटांहूनही कमी वेळ घोटून घेतली, तर हे भाग जवळजवळ निवांत झाले आणि बोलण्याच्या रुळलेल्या वाटेवरचा भलताच भाग पुढे आला. मग संशोधकांनी नव्या नामांची यादी दिली. लगेच सगळं पहिल्यासारखं! पुढे १९९८ मध्ये याच विद्यापीठातल्या संशोधकांनी याला परांचीची उपमा दिली : इमारत उभी राहीपर्यंत बांबू लागतात, मग ते उतरवून पुढच्या कामावर नेतात. उपमा मला पटते, कारण तीत परांची उतरणं हे काम पुरं झाल्याचं लक्षण आहे.

तुमच्या पंधराव्या अध्यायाची परांची उतरली आहे, इतकंच. आणि कुकरच्या शिट्ट्या? त्यावरही प्रयोग झालाय. २००७ मध्ये मालिया मेसन आणि सहकाऱ्यांनी लोकांकडून अक्षरांच्या आणि ठिकाणांच्या काही मालिका आधी काही दिवस घोटून घेतल्या. नंतर यंत्रात झोपवून कधी त्याच मालिका दिल्या, कधी अगदी नव्या. घोटलेल्या मालिकेच्या वेळी माणसांचं मन जास्त भरकटलं, आणि त्याच वेळी मेंदूतलं एक वेगळं जाळं जास्त सक्रिय झालं. आपण आपल्याच विचारात असतो, मागचं आठवतो, पुढचे बेत करतो, तेव्हा जागं असणारं हे जाळं. म्हणजे ओठांवर श्लोक आणि डोक्यात वाण्याची यादी असते तेव्हा मेंदू झोपलेला नसतो. श्लोकांना तो आता फार थोडा पुरतो, उरलेला तुमच्या संसारात फिरत असतो. भक्तीच्या दृष्टीने हे चालेल का, ते तुमच्या गुरुजींना विचारा. तो माझा प्रांत नाही.

अर्धं खरं मुलाचं, ते इथे. पाठ झालेलं तसंच्या तसं, त्याच क्रमाने, रोज म्हणत राहिलात तर स्मरणशक्तीला नवं काम फारसं मिळत नाही. पण त्यावरून ते वाया गेलं असं ठरत नाही, आणि चित्रात लाल दिसेल असं काहीतरी शोधून करत राहायचं असंही ठरत नाही. लाली कमी-जास्त होणं हे फोटो कधी काढला यावर फार अवलंबून असतं. जर्मनीतल्या एका गटाने २००४ मध्ये लोकांकडून चार आठवडे स्मृतीचा एकच व्यायाम करून घेतला : दोन आठवड्यांनी हालचाल वाढलेली दिसली, चार आठवड्यांनी पुन्हा उतरलेली. त्याच वर्षी स्टॉकहोममधल्या टॉर्केल क्लिंगबर्ग यांच्या गटाने पाच आठवड्यांच्या सरावानंतर कपाळामागच्या आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या भागांत हालचाल वाढलेली नोंदवली. त्यांच्या सरावात एक गोम होती. माणूस सुधारेल तसा व्यायाम अवघड होत जायचा, हात बसायला सवडच मिळायची नाही. घाम फुटायच्या दिवसांत तुमचा फोटो काढला असता तर ग्रुपवरच्या चित्राला लाजवेल असा निघाला असता. म्हणून काही तेव्हा तुम्हाला श्लोक जास्त येत होते असं नाही.

कधी कधी हालचाल वाढण्या-घटण्यापेक्षा तिची जागाच बदलते. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला २००३ मध्ये मार्गारेटे डेलाझेर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांकडून अवघड गुणाकार आठवडाभर पाठ करून घेतले. नवा गुणाकार दिला की प्रमाणांचा हिशोब करणारे आणि कपाळामागचे भाग राबायचे. पाठ असलेला दिला की काम डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला असलेल्या अँग्युलर जायरसकडे जायचं. तिथे आकडेमोड होत नाही, उत्तर तयार मिळतं. आपल्याकडे पाढे म्हणून घेणाऱ्या मास्तरांना यंत्राची गरज नव्हती, पण बारा चोक अठ्ठेचाळीस म्हणताना आपण गुणाकार करत नाही, आठवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाराव्या अध्यायाचं कोडं इथून उलगडतं. स्मरणशक्ती म्हणजे वापराने मोठं होणारं एक भांडं, असं आपण धरून चालतो. १९८० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्यावरचा प्रयोग छापून आला. त्याला लेखात एस. एफ. म्हटलंय. सेकंदाला एक या गतीने आकडे ऐकायचे आणि ओळीने परत सांगायचे. सुरुवातीला त्याला चारचौघांसारखे ७ यायचे. दीड वर्षाहून जास्त काळ, मिळून २३० तासांच्या वर सराव केल्यावर तो ७९ पर्यंत पोचला. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता, त्यामुळे आकड्यांचे गट करून त्यांना शर्यतींच्या वेळांचं रूप द्यायचा. मग एक दिवस आकड्यांऐवजी अक्षरं दिली, आणि गडी थेट सहावर आला. वाढली होती ती आकडे बांधायची त्याची युक्ती. अक्षरांना ती लागू पडेना.

तुमची गत तीच. पंधरावा पाठ झाला म्हणून बारावा आपोआप सोपा होणार नाही. अगदीच काही हाती लागलं नसेल असं मात्र मला वाटत नाही. संधी फोडणं, कुठे श्वास घ्यायचा, अनुष्टुभ छंदाची चाल, हे तुम्ही पंधराव्यातून बरोबर आणलंय, आणि बारावा तर सगळाच अनुष्टुभात आहे. पंधराव्यासारखी मध्येच लांब ओळींची वळणं त्यात नाहीत. तितकाच वेळ लागतोय म्हणता, तो मोजलाय का? मागचा घाम आपण लवकर विसरतो.

अ‍ॅपलाही हेच लागू. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मदतीने झालेल्या मोठ्या प्रयोगात ११,४३० लोक सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. त्या त्या खेळात सगळे सुधारले. न खेळलेल्या चाचण्यांत, त्या खेळासारख्याच असल्या तरी, फायदा उतरला नाही. २०१६ मध्ये लुमॉसिटी या प्रसिद्ध अ‍ॅपच्या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. स्वीडनमधल्या एका अभ्यासात, २००८ साली, सरावाचा फायदा दुसऱ्या कामात उतरलेला दिसला, पण ती दोन्ही कामं मेंदूच्या आतल्या एकाच भागाच्या जोरावर चालणारी होती म्हणून. आणि तोही तरुणांतच. साठीपुढचे लोक शिकवलेल्या कामात सुधारले, दुसरीकडे तो फायदा गेला नाही. मुलाने प्रेमाने वर्गणी भरलीय, तेव्हा गंमत वाटली तर खेळा. पुढच्या वर्षी भरू देऊ नका. तुमच्यापुढे ७०० श्लोकांची गीता उघडी असताना पडद्यावरचे फुगे फोडून स्मरणशक्ती कमवायला जाणं मला तरी उलटं वाटतं.

"पण वेदपाठी लोकांच्या मेंदूवर संशोधन झालंय ना?" असं ग्रुपवर कुणीतरी म्हणणारच. झालंय, आणि चांगलं आहे. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे; तिथे २१ यजुर्वेदी पंडित आणि तेवढेच इतर लोक यांच्या मेंदूंची तुलना करून जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. भाषा, स्मृती आणि दृष्टीशी संबंधित काही भागांत पंडितांच्या मेंदूचा करडा थर जास्त किंवा जाड आढळला. मात्र हे पंडित लहानपणापासून वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास पाठांतर केलेले. शिवाय ही दोन गटांची तुलना आहे, त्याच माणसाची आधी-नंतरची तपासणी नाही. दुसऱ्या एखाद्या भाषेतलं तेवढंच लांबलचक पाठांतर करणारेही त्यात नव्हते, त्यामुळे श्रेय संस्कृतला द्यायचं की घोकण्याला, हे या अभ्यासातून ठरत नाही.

पंडितांकडून उचलण्यासारखं मला दिसतं ते वेगळंच आहे, आणि त्यात तुमच्या लाजेवर इलाज आहे. ते नुसती संहिता सरळ म्हणून थांबत नाहीत. क्रमपाठात पहिलं-दुसरं पद, मग दुसरं-तिसरं, मग तिसरं-चौथं अशा जोड्या येतात. जटेत जोडी सरळ, उलटी आणि पुन्हा सरळ म्हणतात. घनात त्याहून गुंतागुंत, म्हणून घनपाठी म्हटलं की अजूनही लोक मान लववतात. मूळ हेतू पाठात एक अक्षरही ढळू नये हा. पण प्रत्येक पदाला मागून, पुढून, दोन्हीकडून हात घालायची सवय त्यातून होते. तुमच्या पाठांतराला दार एकच आहे, पहिल्या श्लोकाचं. प्रत्येक श्लोक आधीच्या श्लोकाच्या शेपटीला धरून येतो, म्हणून मधला विचारला की मागून यावं लागतं. लाज वाटण्यासारखं यात काही नाही, जवळजवळ सगळ्यांचं असंच होतं.

तर पंधराव्यासाठी १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा आणि एखाद्या रिकाम्या डबीत टाका. रोज तीन काढायच्या. निघेल तो श्लोक थेट म्हणायचा, मग त्याच्या पुढचा. अडलात तर मागून म्हणत येऊ नका. थोडं थांबा, नाहीच आठवलं तर पुस्तकात पहिला शब्द तेवढा बघा. आठवड्यातून एकदा विसावा, एकोणिसावा, अठरावा असे उलट्या क्रमाने म्हणा. पहिले काही दिवस तुम्हाला वाटेल की अध्याय मोडलाच. कुकरची शिट्टी तेव्हा ऐकू येणार नाही, एवढं मी सांगते.

बाराव्यासाठी रोज दोनच श्लोक घ्या, आणि ते पुस्तक उघडं ठेवून वीसदा घोकू नका. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने पारडं फिरलं : लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४० टक्के. आणि 'आम्हाला जास्त लक्षात राहील' अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! वर्गात सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना येतो तो आत्मविश्वास याच जातीचा असतो, त्यावर फार विसंबू नका.

मध्ये वेळ जाऊ देणंही तितकंच महत्त्वाचं. लागोपाठ तेच समोर आलं की मेंदूचा प्रतिसाद दुसऱ्या खेपेला घसरतो. चीनमध्ये चेहरे दाखवून केलेल्या एका अभ्यासात, २०११ साली, दोन खेपांमध्ये अंतर ठेवलं तेव्हा ही घसरण कमी झाली आणि चेहरे नंतर जास्त ओळखले गेले. तेव्हा सकाळी श्लोक वाचा, दुपारी भांडी आवरताना न बघता म्हणा, रात्री झोपण्याआधी एकदा, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडण्याआधी पुन्हा. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. मध्ये थोडं विसरायला झालं पाहिजे. आठवायला किंचित कष्ट पडतात तो वेळच कामाचा.

वर्गात कुणी घरातल्या जागा ठरवून त्यावर लक्षात ठेवायच्या गोष्टी मनातल्या मनात ठेवायची पद्धत सुचवेल. तिच्यामागे भक्कम पुरावा आहे. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात साध्या माणसांनी सहा आठवडे, रोज अर्धा तास ती शिकली, तर ७२ शब्दांपैकी साठाच्या वर शब्द त्यांना आठवू लागले आणि त्यांच्या मेंदूतल्या जोडण्यांचा नमुना स्मरणस्पर्धेतल्या खेळाडूंच्या नमुन्याकडे झुकला. उतारवयात मात्र ती सगळ्यांना सारखी साधत नाही. शिवाय अक्षरन्‌अक्षर पाठ करायच्या मजकुराला ती अपुरी पडते. श्लोकाचा क्रमांक आणि पहिला शब्द यांची गाठ मारण्यापुरती वापरा. दिंडीदरवाज्यापासून परसापर्यंत वीस जागा तुमच्या घरात सहज निघतील.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. नाव पटकन न आठवणं, चष्मा शोधत फिरणं हे या वयात चालायचंच. पण तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारला जातोय, रोजच्या रस्त्यावर गोंधळायला होतंय, पैशांच्या व्यवहारात पूर्वी न होणाऱ्या चुका होताहेत, असं घरच्यांच्या लक्षात आलं तर डॉक्टरांना दाखवा. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. या दोन्हींमुळे होणारा विसराळूपणा औषधाने सुधारू शकतो, पाठांतराने नाही.

आणि बाराव्यात पुढे एक खड्डा आहे, तो आताच दाखवून ठेवते. चौदावा आणि सोळावा हे दोन्ही श्लोक 'यो मद्भक्तः स मे प्रियः' असेच संपतात, आणि सतराव्याचा शेवटही त्याच वळणाचा आहे. सरळ म्हणत गेलात की चौदाव्यानंतर जीभ थेट सतराव्यावर उडी मारते, मधले दोन श्लोक गळतात, आणि म्हणणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्यातून सोळाव्यात 'सर्वारम्भपरित्यागी' आणि सतराव्यात 'शुभाशुभपरित्यागी'. म्हणून हे चार श्लोक लागोपाठच्या दिवशी घेऊ नका. चौदावा पक्का झाल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या, पंधराव्या-सोळाव्याची जोडी स्वतंत्र बसवा, आणि बाराव्याच्या चिठ्ठ्यांची वेगळी डबी कराल तेव्हा तीत १४ आणि १६ च्या चिठ्ठ्या दोन-दोन टाका.